उस्तादाच्या शेजारी बसून

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. तो नेमकं काय करतो, हे आमच्या घरात बरीच वर्षं कुणालाच धड सांगता येत नव्हतं. लग्नाच्या बोलणीतही 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढ्यावर भागवलं जायचं. मी खोदून विचारलं तेव्हा हसून म्हणाला, "मामू, मी दुसऱ्यांना काम करताना बघतो. त्याचाच पगार मिळतो."

त्याच्या कामाला यूजर एक्सपिरियन्स रिसर्च म्हणतात. सॉफ्टवेअर वापरणारा माणूस प्रत्यक्षात काय करतो, कुठे अडतो, अडल्यावर कोणती पळवाट काढतो, हे शोधायचं आणि बनवणाऱ्यांना सांगायचं. आपण रोज वापरतो त्या ॲपबाबत हे तसं सोपं आहे, कारण बनवणारा स्वतःही किराणा मागवतो, रिक्षा बोलावतो. पण प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, छापखान्यातला कारागीर, एक्स-रे काढणारा ऑपरेटर यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनवायचं असेल तर बनवणाऱ्याला त्या कामाचा गंधही नसतो. मग पर्याय एकच. त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसायचं.

ह्यू बायर आणि कॅरन होल्ट्झब्लाट या दोघांनी १९९८ साली 'कॉन्टेक्स्च्युअल डिझाइन' हे पुस्तक लिहिलं. त्यात शेजारी कसं बसायचं याची रीत सांगितली आहे. कामगार हा उस्ताद आणि संशोधक हा शागीर्द. प्रश्नांची यादी वाचून दाखवायची नाही. उस्ताद काम करत असताना बघायचं आणि मध्येच नम्रपणे विचारायचं, हे असं का केलंत? भाच्याने हे सांगितलं तेव्हा मला आमच्या कातिबांची आठवण झाली. ज्यांनी उर्दू किताबत पाहिली आहे त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. कलम कसा तासायचा, नुक्ता कुठे टेकवायचा, हे कुठल्या उस्तादाने भाषण देऊन शिकवलं? शागीर्द वर्षानुवर्षं शेजारी बसायचा आणि बघायचा.

उर्दू छपाईची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. नस्तालीक लिपीत अक्षराचं रूप शेजाऱ्यावर ठरतं. एकच 'बे' पुढे कोणतं अक्षर येतं त्यानुसार बदलतो, आणि शब्द उजवीकडून डावीकडे जाताना तिरका खाली उतरतो. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजच्या काळापासून ही लिपी धातूच्या खिळ्यांत बसवण्याचे प्रयत्न झाले, पण ते रुजले नाहीत. खिळ्यांना सोयीची नस्ख लिपी होती, पण उर्दू वाचकाच्या डोळ्यांना ती आपली वाटली नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही उर्दू वर्तमानपत्रं कातिब हाताने लिहीत आणि मग ती छापली जात.

कोंडी फोडली ती कराचीचे मुद्रक मिर्झा अहमद जमील यांनी. त्यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर काम केलं आणि १९८१ साली 'जंग' हे दैनिक नूरी नस्तालीकमध्ये संगणकावर जुळवून निघू लागलं. त्यांची युक्ती ऐकायला साधी होती. अक्षरं सुटी करून जोडण्याचा हट्ट त्यांनी सोडला. कातिब अक्षर लिहीत नाही, तो जोड लिहितो, एका झटक्यात येणारा अख्खा आकार. म्हणून त्यांनी असे जोडच हाताने लिहून संगणकात भरले, २० हजारांच्या घरात. त्यांना कुणी यूजर रिसर्चर म्हटलं नाही. पण यंत्राची सोय बाजूला ठेवून हाताची चाल आधी बघणं, हेच तर ते शास्त्र. पुढे १९९४ मध्ये दिल्लीत 'इनपेज' तयार झालं. उर्दू अक्षराच्या आवाजाशी मिळणारी इंग्रजी कळ दाबायची, अशी सोय त्यात होती. इंग्रजी टंकलेखन येणारी मुलं थोड्या दिवसांत उर्दू जुळवू लागली. कातिबांची रोजी मात्र गेली, हेही इथेच नोंदवलं पाहिजे. ज्यांची कला सॉफ्टवेअरमध्ये उतरली, त्यांच्याच हाताला काम उरलं नाही.

असं शेजारी न बसण्याची किंमत कधीकधी फार मोठी असते. कर्करोगावर किरणोपचार करणारं थेरॅक-२५ नावाचं कॅनडात बनलेलं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात त्याने अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना जीवघेण्या प्रमाणात किरण दिले, काहींचा मृत्यू झाला. टेक्सासमधल्या टायलर गावी काय घडलं ते वाचून मी सुन्न झालो. तिथली ऑपरेटर रोजच्या सरावामुळे भराभर टाइप करायची. एका ठिकाणी चुकीचं अक्षर पडलं, तिने वर जाऊन ते दुरुस्त केलं आणि पुढे गेली. सगळं काही सेकंदांत. पडद्यावर दुरुस्ती दिसत होती, पण आत यंत्राने ती धरलीच नव्हती. मग 'मालफंक्शन ५४' एवढाच संदेश आला. असे निरर्थक संदेश रोज यायचे, म्हणून सवयीने 'पुढे चला'ची कळ दाबली गेली. तिथल्या भौतिकतज्ज्ञाने आणि त्या ऑपरेटरने पुन्हा पुन्हा टाइप करून पाहिलं तेव्हा कळलं की वेगाने टाइप केलं तरच हा दोष उघडा पडतो. दोष सॉफ्टवेअरमध्ये होता, पण सरावलेला हात किती वेगाने चालतो हे बनवणाऱ्यांच्या ध्यानात नव्हतं.

आता आमच्या शाळेकडे येतो. विद्यार्थ्यांची माहिती भरायचं एक सॉफ्टवेअर आम्हाला दिलेलं आहे. त्यात नावाचे तीन रकाने आहेत: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तिन्ही भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. आमच्या वर्गात मुल्ला, बागवान, तांबोळी, मुजावर आहेत, त्यांचं भागतं. पण 'शेख अमुक शेख तमुक' असं नाव असलेल्या मुलाचं काय? त्याचा 'शेख' पुढे येतो आणि शेवटी आडनावच नसतं. कोणी शिक्षक 'शेख' उचलून शेवटी टाकतो, कोणी वडिलांचं नाव दोनदा लिहितो, कोणी आडनावाच्या जागी नुसतं टिंब देतो. तेच मूल आधार कार्डावर एका क्रमाने, जन्मदाखल्यावर दुसऱ्या क्रमाने आणि शाळेत तिसऱ्याच क्रमाने नोंदलेलं असतं. शिष्यवृत्तीच्या वेळी नावं जुळत नाहीत आणि अर्ज परत येतो. बापाची एक दिवसाची मजुरी बुडते, प्रतिज्ञापत्राचा खर्च वेगळा. एवढं करून काही मुली शिष्यवृत्तीचा नाद सोडून देतात. पुढे शाळाही सुटते तेव्हा कारणाच्या रकान्यात कुणी 'टिंब' असं लिहीत नाही.

या सॉफ्टवेअरबद्दल आमचं मत विचारलं गेलं नाही असं नाही. प्रशिक्षण झालं, शेवटी 'काही अडचण?' असं विचारलं गेलं आणि सभागृह गप्प राहिलं. त्यात नवल नाही. मी वर्गात 'समजलं का?' विचारतो तेव्हा पन्नास मुलं एका सुरात 'हो सर' म्हणतात. त्या 'हो'वर विश्वास ठेवून पुढचा धडा घेणाऱ्याला शिक्षक म्हणता येणार नाही. बीएडला आम्हाला पाठनिरीक्षण होतं. शेवटच्या बाकावर बसायचं, तोंड बंद ठेवायचं आणि मुलाची पेन्सिल कुठे थांबते ते टिपायचं. उत्तर मुलाच्या तोंडात नसतं, त्या थांबलेल्या पेन्सिलीत असतं.

भाचा म्हणतो, वापरणाऱ्यांनी काढलेल्या पळवाटा हाच त्याचा खजिना. मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी, बाजूला ठेवलेली वही, आडनावातलं टिंब, प्रत्येक पळवाट बनवणाऱ्याने न पाहिलेली एक गोष्ट सांगते. म्हणून यंदा मी स्टाफरूममध्ये एक वही ठेवली आहे. नाव भरताना कोण कुठे अडलं आणि त्यावर काय केलं, एवढंच तारखेसह लिहायचं. मुलाचं नाव लिहायचं नाही, फक्त नावाची रचना. दोन महिन्यांत सोळा पानं भरली आहेत. पुढच्या प्रशिक्षणात 'काही अडचण?' विचारलं गेलं की मी ती वही पुढे करणार आहे, आणि साहेबांना विनंती करणार आहे की सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांपैकी एकाला जुलै महिन्यात एक दिवस आमच्या शाळेत पाठवा. खुर्ची आम्ही देऊ, चहाही देऊ. त्याने फक्त आमच्या क्लार्कच्या शेजारी बसायचं आहे.