गाडीची रोजनिशी

आपण एकादें काम कसें केलें याविषयीं स्वतःचीच साक्ष काढली, तर ती बहुधा आपल्याच बाजूची निघते. मोटारींच्या शर्यतींत हौसेनें उतरणाऱ्या तरुणांचीही हीच स्थिति असते. ताशीं 100 किलोमीटर वेगानें धांवणारी गाडी एका सेकंदांत सुमारें 28 मीटर अंतर काटते. एवढ्या घाईंत आपण ब्रेक कोठें दाबला आणि कोठें सोडला, हें कोणास नक्की आठवणार? यावर नोंदयंत्राचा उपाय आहे. एके काळीं तो मोठ्या पथकांपुरताच होता. आज हौशी मंडळींच्याही आवांक्यांत आला आहे.

आमच्या एका पुतण्यास हा नाद आहे. कोइमतूरजवळ कारी मोटर स्पीडवे नांवाचा सुमारें 2.1 किलोमीटरचा शर्यतमार्ग आहे. तेथें तो अधूनमधून जातो. घरांतील वडील मंडळींस ही हौस रुचत नाहीं, हें सांगणें नकोच. तथापि एकदां त्यानें आणलेल्या नोंदी आम्हीं त्याच्या शेजारीं बसून पाहिल्या, आणि त्यांत आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

यंत्र तळहातावर मावेल एवढें असतें. उपग्रहांच्या संदेशांवरून तें गाडीचें स्थान व वेग सेकंदास दहा किंवा अधिक वेळां टिपतें, आणि गाडीस पुढेंमागें व आडवे बसणारे हिसकेही मोजतें. जोडणी केल्यास अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला, ब्रेकवर किती जोर पडला, स्टिअरिंग किती फिरलें, हेंही नोंदलें जातें. मग संगणकावर दोन फेऱ्यांच्या रेषा एकीवर एक ठेवून पाहावयाच्या. आडव्या अक्षावर वेळ न मांडतां अंतर मांडावयाचें, म्हणजे दोन्ही फेऱ्यांतील तेंच वळण समोरासमोर येतें आणि वेळ कोठें गमावला तें दिसतें.

आपण धैर्यांत कमी पडतों, अशी पुतण्याची समजूत होती. सरळ रस्त्याच्या शेवटीं ब्रेक आणखी उशिरां दाबला कीं काम झालें, असें तो म्हणे. त्याच गाडींतून एका अनुभवी चालकानें घेतलेली फेरी शेजारीं ठेवली, तेव्हां अगदीं उलट दिसलें. चिरंजीव त्या गृहस्थांपेक्षां पांच मीटर उशिराच ब्रेक दाबीत होते! त्या ओढाताणींत गाडी वळणांत नीट शिरत नसे, आणि बाहेर पडतांना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबण्यास विलंब होई.

हिशेब सोपा आहे. समजा, ताशीं 120 वेगानें येऊन 60 वेगानें वळावयाचें आहे. ब्रेक पांच मीटर पुढें नेल्यास वांचतात केवळ 0.15 सेकंद. परंतु वळणांतून नीट बाहेर पडल्यामुळें पुढील 500 मीटरांत सरासरी वेग 120 ऐवजीं 125 राहिला, तर 0.6 सेकंद वांचतात. टायरची पकड ठराविक असते. ती ब्रेकसाठीं आणि वळण्यासाठीं वांटून द्यावी लागते. घरच्या मिळकतींतील एकच रुपया दोन ठिकाणीं खर्चतां येत नाहीं, तशांतलीच ही गोष्ट.

ज्या धाडसापायीं जीव धोक्यांत पडत होता, तें धाडस अशा रीतीनें निष्फळ ठरलें. "जपून चालव," असें आम्ही सांगत आलों. "हो काका," म्हणून तो विसरत आला. या रेषेशीं मात्र त्यास वाद घालतां येईना; ती रागावत नाहीं कीं भीड धरीत नाहीं. पुढील खेपेस त्यानें ब्रेक लौकर दाबला, आणि फेरीचा वेळ कमीच झाला.

यंत्रासही मर्यादा आहेत. चूक कोठें झाली तें तें दाखवितें. ती भीतीनें झाली कीं थकव्यानें, हें जाणत्या शिक्षकानेंच ओळखावें लागतें. तुलनाही सारख्या टायरांची व सारख्या हवामानांतील हवी, आणि एका वेळीं एकच गोष्ट सुधारावयास घ्यावी.

आमच्या वहिनींस या रेषांतील कांहीं कळत नाहीं. मुलगा घरीं परतला म्हणजे त्या एवढेंच विचारतात, "ब्रेक वेळेवर दाबलास ना रे?" हल्लीं तो तोंडानें उत्तर देत नाहीं, संगणकच त्यांच्यापुढें ठेवतो.