पाचवं कलम

1610 सालच्या जानेवारीत हॉलंड प्रांतातल्या चाळीसहून अधिक पाळकांनी सरकारकडे एक निवेदन दिलं. त्यांचे गुरू, लायडन विद्यापीठातले प्राध्यापक याकोबस आर्मिनियस, तीन महिन्यांपूर्वीच वारले होते. निवेदनात पाच कलमं आहेत. देव कोणाला निवडतो, ख्रिस्त कोणासाठी मेला, माणूस कृपा नाकारू शकतो का, अशा प्रश्नांवरच्या पहिल्या चार कलमांत भाषा ठाम आहे. पाचव्यापाशी मात्र पाळक थबकतात. ख्रिस्ताच्या हातातून विश्वासणाऱ्याला कोणी हिसकावून घेऊ शकत नाही, इथवर ते निःशंक आहेत. पण तो स्वतःच हेळसांड करून मागे फिरला तर? हे शास्त्रातून आणखी तपासायला हवं, तोवर आम्ही ते छातीठोकपणे शिकवणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं. चर्चचा इतिहास शिकवता शिकवता माझे केस पिकले. पण ‘हे अजून ठरलेलं नाही’ असं सही करून सांगणारे धर्मपंडित मला फारसे भेटलेले नाहीत.

तारण म्हणजे पापाच्या दंडातून सुटका आणि देवाशी समेट. प्रोटेस्टंट शिकवणीत ते पुण्य साठवून मिळत नाही. कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळतं. मग जे विश्वासाने मिळालं ते विश्वास आटल्यावर राहतं का? श्रीवैष्णवांमधला मर्कटन्याय आणि मार्जारन्याय वाचकांना ठाऊक असेल. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून राहतं, मांजरीच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. इथलं भांडण आहे ते तोंडातून उडी मारून पळालेल्या पिल्लाबद्दल.

कॅथलिक चर्चने आपलं उत्तर 1547 मध्ये ट्रेंटच्या परिषदेत दिलं होतं : महापापाने कृपा जाते, पापनिवेदनाच्या संस्काराने ती परत मिळू शकते. वसईच्या किंवा गोव्याच्या भाविकाला यात नवं काही नाही. प्रोटेस्टंटांना ही वाट नव्हती, म्हणून ते बायबल उघडून बसले. आणि तिथे दोन्ही बाजूंना आधार सापडतो. योहानाच्या दहाव्या अध्यायात मेंढरं मेंढपाळाच्या हातात सुरक्षित आहेत. इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय मात्र अंगावर येतो. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची चव घेतली, ते पतित झाले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असा त्याचा रोख आहे.

निवेदनवाल्या पाळकांचंही मत पुढे बनलं : खरा विश्वासणाराही कायमचा पडू शकतो. डॉर्डरेख्त ऊर्फ डॉर्ट शहरात 1618-19 मध्ये भरलेल्या धर्मसभेने त्यांना दोषी ठरवलं आणि सुमारे दोनशे पाळकांची पदं गेली. त्यात राजकारण होतंच. प्रांतांचे हक्क विरुद्ध राजपुत्र मॉरिस हा झगडा त्याच वेळी पेटलेला होता. परदेशी प्रतिनिधींना निरोप देऊन चार दिवस होतात न होतात तोच, 13 मे 1619 रोजी, या पाळकांचे पाठीराखे मुत्सद्दी योहान फान ओल्डनबार्नेफेल्ट यांचा हेगमध्ये शिरच्छेद झाला. वय 71.

तरीही डॉर्टचा निर्णय लोक समजतात तितका आडमुठा नाही. विश्वासणारे घोर पापात पडू शकतात, दावीद पडला, पेत्र पडला, असं तो उघड सांगतो. त्यांची विवेकबुद्धी जखमी होते, कृपेची जाणीवही काही काळ नाहीशी होते. पण देव त्यांना पूर्णपणे सोडत नाही. आणि राखतो कसा? उपदेशाने, संस्कारांनी आणि धमक्यांनीसुद्धा. इब्रीकरांच्या इशाऱ्याचा मला पटलेला अर्थ हाच. कड्याजवळची पाटी कोण पडलं ते मोजायला लावलेली नसते.

डॉर्टची दुबळी जागा वेगळी आहे. जो कायमचा निघून गेला त्याच्याबद्दल ही परंपरा म्हणते, त्याचा विश्वास मुळात खरा नव्हताच. योहानाच्या पहिल्या पत्राचा आधारही ती देते. पण न निवडलेल्यांनाही कधीकधी निवडलेल्यांसारखाच अनुभव येतो, हे या परंपरेचा मूळपुरुष असलेल्या खुद्द कॅल्व्हिनने मान्य केलं आहे. मग रविवारी पुढच्या बाकावर बसून मनापासून गाणाऱ्या माणसाने आपला विश्वास खरा की तात्पुरता, हे कशावरून ओळखायचं? केंब्रिजच्या विल्यम पर्किन्स यांनी याच धास्तीवर पुस्तकं लिहिली. धास्ती गेली नाही.

जॉन वेस्ली यांनी 1751 मध्ये यावर पुस्तिका काढून आर्मिनियसच्या अनुयायांची बाजू घेतली : खरा विश्वासही बुडू शकतो. म्हणजे आजची खात्री आजपुरती. गंमत अशी की शेवटपर्यंत अविश्वासात राहिलेला माणूस दोघांच्याही हिशेबात बाहेरच. एक म्हणतो त्याच्याकडे तारण नव्हतं, दुसरा म्हणतो होतं, गेलं. तो आतच आहे असं म्हणणारे विसाव्या शतकात अमेरिकेत पुढे आले. बॅप्टिस्ट पाळक चार्ल्स स्टॅन्ली यांचं 1990 चं पुस्तक त्यांपैकी प्रसिद्ध. मला ही वाट पटत नाही. जो देव नकोच म्हणतो त्याला देवाशी समेट झालेला म्हणायचं, तर समेट या शब्दात उरतं काय?

आईवडील मात्र हा प्रश्न पुस्तकातून विचारत नाहीत. मुलगा देव मानत नाही, त्याचं काय, एवढंच विचारतात. मी त्यांना सांगतो की जिवंत माणसाचा निकाल लावण्याची मुभा ना डॉर्टने दिली आहे, ना वेस्लींनी.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्या आल्या आणि वेस्लींच्या परंपरेतल्या मेथडिस्ट मंडळ्याही. या चर्चने प्रमाण मानलेल्या प्रेषितांच्या आणि नायसियाच्या मतांगीकारांत, मिळालेलं तारण पुन्हा जातं की नाही यावर एक ओळही नाही.