पाने टाकण्याचा खेळ

पत्त्यांच्या खेळासंबंधी आमच्या मध्यम वर्गात दोन मते फार दिवस रूढ आहेत. सुट्टीत भावंडांनी जमून बिनपैशाची रमी खेळणे हे घरंदाजपणाचे लक्षण. आणि त्याच पत्त्यांवर एक पैसा लावला की ते अधःपाताचे पहिले पाऊल. या दोहोंच्या मध्ये विचारास जागाच उरत नाही. म्हणून पोकरच्या लहान डावांत सातत्याने जिंकण्याची काही साधी रीत आहे, असे आम्ही म्हणताच कित्येक सुशील वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. पडोत. पाने सर्वांस सारखीच बरीवाईट येतात, तरीही काही थोडी माणसे वर्षानुवर्षे जिंकतात व बहुतेक हरतात, हे घडते कसे, हा प्रश्न तर्कशास्त्र शिकविणारास वर्ज्य असण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

आमचा एक भाचा लंडनला नोकरीस आहे. परवाना असलेल्या कंपन्यांच्या टेबलांवर घरबसल्या संगणकावर पोकर खेळण्यास तेथे कायद्याची हरकत नाही. आपल्याकडे मात्र संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध ठरविले. तेव्हा पुढील मजकूर कोणी आमंत्रण समजू नये. आम्ही तिकडे जावयास निघालो तेव्हा धाकट्या भगिनीने बजावले होते, "दादा, त्याचे हे खूळ किती खोल गेले आहे, ते डोळ्यांनी पाहून ये." त्यानुसार आठ रात्री आम्ही त्याच्या पाठीशी खुर्ची टाकून बसलो.

टेबल पाच व दहा सेंटांचे, खेळणारे सहा. प्रत्येकाने दहा डॉलर घेऊन बसावयाचे. आम्हांस काहीतरी नाट्य पाहावयास मिळेल अशी अपेक्षा होती. पहिल्या अर्ध्या तासात चिरंजीवांनी काय केले? पाने टाकून दिली. पुन्हा आली, पुन्हा टाकली. या खेळात प्रत्येकास दोन पाने गुप्त मिळतात, आणि मधोमध पाच पाने सर्वांसाठी उघडली जातात. प्रथम तीन, मग एक, मग एक. दर टप्प्यास पैज. सातांतून ज्याची पाच पाने सरस ठरतील त्याची रास, किंवा इतर सर्वांनी माघार घेतल्यास जो उरेल त्याची. बावन्न पानांतून दोन पाने १,३२६ प्रकारे येऊ शकतात. त्यांत दोन एक्के येण्याचा योग २२१ वेळांत एकदा, कोणतीही जोडी येण्याचा १७ वेळांत एकदा. चांगले पान असे दुर्मीळ. आणि माणूस तर दिवसभराचे काम आटोपून खेळावयास बसलेला! राजा आणि चव्वी हाती आली की तो म्हणतो, राजा आहे ना, पाहू. हे "पाहू" लहान टेबलावरील बहुतेक नुकसानीचे मूळ आहे. भाचा शंभरांतील पंच्याहत्तर-ऐंशी डाव न पाहताच सोडतो. जो धरावयाचा तो मात्र स्वतः पैज वाढवून धरतो. इतरांच्या मागून मुकाट्याने पैसे टाकीत जाणे त्यास मान्य नाही.

दुसरी गोष्ट बसण्याच्या जागेची. जो शेवटी बोलतो त्यास इतरांची मते आयती कळतात. महाविद्यालयीन सभांचा ज्यांस अनुभव आहे त्यांना हे अधिक फोडून सांगावयास नको. म्हणून शेवटची पाळी असेल तेव्हा भाचा थोडी हलकी पानेही धरतो; प्रथम बोलावयाचे असेल तर उत्तमच.

मग हिशेब. मधे चार पाने उघडली आहेत, आपणास एकाच रंगाची पाच होण्यास आणखी एक बदाम हवे. न दिसलेली पाने सेहेचाळीस, त्यांत बदामे नऊ. म्हणजे योग शेकडा वीसही नाही. राशीत साठ सेंट होते, प्रतिपक्षाने तीस टाकले, आपणही तीस टाकावयाचे. एकशेवीसांत आपले तीस, म्हणजे चौथा हिस्सा देऊन पाचव्या हिश्श्याहूनही कमी आशा विकत घ्यावयाची. बदाम आल्यावर त्याच्याकडून आणखी पुष्कळ काढता येईल अशी खात्री नसेल, तर पाने टाकावी. नलोपाख्यानातील ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडावरील पानाफळांची संख्या एका दृष्टिक्षेपात सांगितली. त्याच राजाकडून नलाने अश्वविद्येच्या मोबदल्यात अक्षहृदय घेतले, आणि गेलेले राज्य पुष्कराकडून परत जिंकले. फाशांच्या विद्येशेजारी गणनेची विद्या ठेवणारा तो कथाकार आम्हांस मोठा मार्मिक वाटतो.

आता हूल देण्याविषयी. पोकर म्हटले की लोकांस तेच आठवते, आणि शास्त्रही त्यास अनुकूल आहे. फॉन नॉयमन याने १९२८ मध्ये अशा खेळांचे गणित मांडले, व १९४४ मध्ये मॉर्गेनस्टर्नबरोबर लिहिलेल्या ग्रंथात पोकरमधील हुलीस तर्कशुद्ध स्थान दिले. २०१९ मध्ये तर प्लुरिबस नावाच्या संगणकीय कार्यक्रमाने सहा जणांच्या टेबलावर धंदेवाईक खेळाडूंस हरविले, त्यातही हूल होतीच. परंतु दहा सेंटांच्या टेबलावरचा गृहस्थ घाबरतच नाही. त्याच्यापाशी एक लहानशी जोडी असते आणि दाखविल्यावाचून तो ती सोडीत नाही. ज्यास भाषा कळत नाही त्यास त्या भाषेत टोमणा मारून काय उपयोग? तेथे पान बळकट असता पैज मोठी लावावी, नसता गप्प राहावे. आणि इतका वेळ मुकाट असलेल्याने शेवटच्या पानावर एकाएकी पैज वाढविली, तर निमूटपणे त्यावर विश्वास ठेवावा.

एवढे करूनही खरा जिंकणारा वेगळाच. कंपनी प्रत्येक मोठ्या राशीतून साधारणपणे शेकडा पाच आपला वाटा उचलते, त्यास 'रेक' म्हणतात. सहाही खेळाडू सारखे हुशार असते तर सहाही हळूहळू हरले असते. भाच्याने या खेळासाठी तीनशे डॉलर निराळे काढून ठेवले आहेत. एका रात्रीत तीस गेले की तो उठतो. (धर्मराजाने असा काही नियम केल्याचे ऐकिवात नाही.) त्याची एक वही आहे. वर्षभरात दोनशे दहा तास बसून एकशे चाळीस डॉलर जिंकल्याची नोंद आम्ही तिच्यात वाचली. तासाला एक डॉलरसुद्धा नाही! लंडनात कपबशा विसळणारास याच्या कितीतरी पट मिळते, हे आम्ही त्याच्या निदर्शनास आणले. त्यालाही ते ठाऊक होते.

रात्री एकनंतर एक खेळाडू हटकून येई. तो जवळजवळ प्रत्येक डाव धरी. भाचा त्याच्या डाव्या हाताची जागा शोधी, कारण तेथून त्याच्यानंतर बोलावयास मिळते. वहीत त्याचे नाव 'रात्रीचा पाहुणा' असे होते. आठव्या रात्री पाहुण्याने तिसऱ्यांदा दहा डॉलर आणले, तेव्हा आम्ही विचारले, "अरे, हा कोण असेल?"

"कसे कळणार, मामा? मी उठलो तर दुसरा कोणी या जागेवर बसेल."

युक्तिवादात आम्हांस दोष काढता आला नाही, आणि तो आवडलाही नाही. भाचा आणखी वीस मिनिटे खेळला.

भगिनीस दूरध्वनीवर आम्ही सारे सांगितले: व्यसन नाही, वही आहे, आकडे असे असे आहेत; ओघात पाहुण्याचाही उल्लेख झाला. आकडे तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "त्या दुसऱ्याच्या घरी कोणी आहे की नाही?"