थोरला कोण?

जुन्या मुंबईकरांच्या पत्रिका आपण कधी पाहिल्या आहेत काय? जन्मवेळेपुढे ज्योतिषीबुवा पुष्कळदा ‘स्टँडर्ड टाइम’ असे आठवणीने लिहीत. कारण १९०६ साली हिंदुस्थानला प्रमाणवेळ मिळाली, तरी मुंबईने आपले ३९ मिनिटे मागचे घड्याळ पुढे कित्येक वर्षे सोडले नाही. नुसते ‘सकाळी सहा’ म्हणून भागत नसे. कोणाच्या घड्याळाचे सहा, ते सांगावे लागे.

हे आठवायला निमित्त झाले आमच्या दोन नातवांचे. लेकीचा मुलगा पुण्यात १३ डिसेंबरला सकाळी सहाला झाला. मुलाचा न्यू जर्सीत १२ डिसेंबरला रात्री नऊला. आमच्याकडे पणजोबांची चांदीची वाटी थोरल्या नातवाच्या उष्टावणाला द्यायची रीत आहे. कागद पाहून सौभाग्यवतींनी ती अमेरिकेला धाडण्यासाठी बांधलीसुद्धा!

आमचा पुतण्या ‘पायथन’ नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो. (नाव अजगराचे वाटले तरी ते एका विनोदी मंडळीच्या कार्यक्रमावरून घेतले आहे.) तो म्हणाला, “काका, आमच्याकडे वेळा दोन जातींच्या. एक भाबडी, तिला आपले गाव ठाऊक नसते. दुसरी जाणती.” दोन भाबड्या वेळा दिल्या, तर पायथन बेधडक सांगतो, अमेरिकेचा थोरला. एक भाबडी आणि एक जाणती दिली आणि ‘आधीची कोणती?’ विचारले, तर चूक दाखवून थांबतो. मला हा अडेलपणा आवडला. माणसे इतकी प्रामाणिक कुठे असतात? मात्र ‘दोन्ही सारख्या का?’ विचारले, तर नुसते ‘नाही’ म्हणून पुढे चालू लागतो. हे मला तितकेसे पटले नाही.

दोन्ही जाणत्या असल्या, की हिशेब सरळ. आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, न्यू जर्सी हिवाळ्यात पाच तास मागे. म्हणजे पुणेकर जागतिक घड्याळात १३ तारखेच्या साडेबाराला, मध्यरात्रीनंतर; अमेरिकेचा दोनला. पुण्याचा दीड तासाने थोरला! वाटीची गाठ सुटली. सूनबाई फोनवर एवढेच म्हणाल्या, “वाढदिवस मात्र आमच्याचा आधी येणार!” तेही खरेच.

पण खरी गंमत पुढेच आहे. तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी रात्री दोनला घड्याळ पुन्हा एकवर आणतात. म्हणजे दीड दोनदा वाजतो. त्या रात्री जुळी झाली, एक पहिल्या दीडला, दुसरे दुसऱ्या दीडला, तर? पुतण्या म्हणाला, “दोन्ही वेळा एकाच गावच्या दिसल्या, की पायथन नुसते काटे पाहतो. म्हणतो, दोघे एकाच क्षणाचे. म्हणून मी आधी दोन्ही जागतिक वेळेत बदलून घेतो, मग विचारतो.”

“आईला विचार की!” सौभाग्यवती आतून म्हणाल्या.