नर्सबेन आणि बार्शीकडच्या बाया

चलथाणच्या साखर कारखान्याने आमचं घर खानदेशातून गुजरातेत आणलं. उधना-जळगाव रेल्वे गावातूनच जाते, त्यामुळे अंमळनेर कधी लांब वाटलं नाही. आई तर शेजारणींशीही अहिराणीतच बोलायची. तिने घरात कुणालाच न सांगितलेली गोष्ट काढून घेतली ती मात्र एका गुजराती नर्सबेनने.

घरोघर फिरताना ती ओट्यावर टेकली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मासी, पाळी गेल्यावर परत कधी डाग दिसला?"

"उष्णता शे, दुसरं काय!" आई म्हणाली.

दुखत नाही म्हणजे काही नाही, हा आईचा हिशेब नर्सबेनने तिथेच मोडला. पाळी गेल्यावर रक्त दिसणं, संबंधानंतर रक्त जाणं, अंगावरून घाण वासाचं जाणं, यांतलं काहीही अंगावर काढायचं नाही, असं तिने न लाजता सांगितलं. सुरतेला तुकडा तपासला. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग, पण पहिल्या टप्प्यातला. पिशवी काढली. आई आज नातवंडांवर खेकसते.

नर्सबेन पुढे माझ्या आणि वहिनीच्या मागे लागली. आम्हाला कसलाच त्रास नव्हता. "त्रास नाही, तेव्हाच यायचं!" तिचं म्हणणं.

या आग्रहामागे आपल्याच मुलखातल्या बाया आहेत, हे नंतर वाचलं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रियांचा अभ्यास केला. निष्कर्ष 2009 साली आले. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच करायची ठरलेल्या 34,126 जणींच्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने 34 मृत्यू झाले. नेहमीच्याच सोयींवर सोडलेल्या 31,488 जणींच्या गटात 64. त्यांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. नर्सबेनच्या घरी दिवाळीला फराळ तरी पोचवता येतो. त्या 64 जणींचं देणं कुठे फेडायचं?

तिशी ओलांडलेल्या बायकांची गर्भाशयमुखाची, स्तनांची आणि तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत फुकट होते. दर पाच वर्षांनी करायची असते. बायांनो, जाऊन या. सासूलाही न्या.