राखाडी खिळा

बीडकडे पाऊस बेताचा, तेव्हा खिळ्याला गंजाची भीती कसली, असा आमच्याकडे एक समज आहे. माळवदाच्या घरांत तो खपून गेला. तिथे खिळ्यांचे काम ते किती! पण माळवदे जाऊन पत्रे आले, आणि सारे छप्पर खिळ्यांच्या भरवशावर राहिले. वळवाचे वारे सुटले की पत्रा उडतो, दोष वाऱ्याला जातो. मागे उरलेले वासे पाहावेत. बाभळीच्या लाकडात खिळ्याभोवती शाईसारखे काळे कडे दिसते. बाभळीतले टॅनिन आणि लोखंड ओलीत भेटले की हे व्हायचेच.

दुकानात हात नेमका चकचकीत खिळ्याकडे जातो. त्याच्यावरचे जस्त विजेने चढवलेले, जेमतेम 5-10 मायक्रॉन. सुमारे 450 अंशांवर वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला खिळा दिसायला राखाडी, खरबरीत; पण त्याचा थर कितीतरी जाड. ओरखडा गेला, तरी जस्त आधी स्वतः झिजते आणि उघड्या लोखंडाला सांभाळते. थोरल्या भावासारखे म्हणा ना!

सुतारांच्या हाती आता वासे जोडायला खिळे मारणारी बंदूक आली आहे. तिच्या पट्ट्यांतही दोन्ही जातींचे खिळे मिळतात. पट्टी घेतानाच विचारावे. गोठ्यासाठी तर राखाडीच घ्यावा. शेणमुताची ओल तिथे बाराही महिने असते.