साक्ष जालन्याकडची

आमच्या पुण्याच्या मंडळीत साक्षीची वेळ आली की कोण काय सांगणार, याचा साधारण अंदाज असतो. व्हिसा मिळाला, गाठ साधी निघाली, मुलीचं लग्न जमलं. प्रार्थना केली आणि प्रभूने ऐकलं. या साक्षी खऱ्याच असतात. मीही दिल्या आहेत. पण ज्याचा व्हिसा नाकारला गेला तो मागच्या बाकावर गप्प बसतो, आणि त्याच्या विश्वासाचं पुढे काय झालं हे त्याला कुणी विचारत नाही. जानेवारीत तरुण संघाबरोबर जालना जिल्ह्यात मिशन ट्रिपला गेले, तेव्हा मला ती मागच्या बाकावरची साक्ष ऐकायला मिळाली.

जालना म्हटलं की लोकांना मोसंबी, बियाणं आणि लोखंडी सळया आठवतात. मराठी ख्रिस्ती माणसाला रेव्हरंड नारायण शेषाद्रीही आठवायला हवेत. या ब्राह्मण तरुणाने 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती याचं प्रकरण कोर्टात गेलं आणि त्या मुलाला शुद्ध करून जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला. नारायणराव पुढे निजामाच्या मुलखात जालन्याला आले, मांग-महार वस्त्यांत काम करू लागले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती उभारली. आपलं घर सोडावं लागलेला माणूस, ज्यांना गावात जागाच नव्हती त्यांच्याबरोबर राहिला. जालन्याकडच्या विश्वासाचं मूळ असं आहे.

आम्ही बरोबर वाचायचे चष्मे, वह्या आणि बसवलेली एक नाटिका नेली होती. अंबडकडच्या एका गावात पोचलो तर उपासनेला म्हातारी माणसं आणि लहान मुलंच. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की मंडळी निम्मी होते, ती उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा भरते. पाळकसाहेबांनी साक्षीला बोलावलं, तशी एक आजी उठली. तिचा मुलगा आणि सून कोल्हापूरकडे फडावर होते. नातवाच्या ऑपरेशनसाठी मुकादमाकडून घेतलेली उचल दोन हंगाम झाले तरी फिटली नव्हती. यंदाचा नाताळ त्यांनी कोपीतच, म्हणजे फडावरच्या झोपडीतच केला. दिवसभर तोड, रात्री गाडी भरून दिली आणि मग गाणी म्हटली. शेजारच्या कोपीतल्या बाईने गूळ दिला, त्याचा शिरा झाला. "ती आपल्यातली न्हाई," आजी म्हणाली, "पन सण तिच्या गुळानं झाला." एवढं सांगून ती बसली. कर्ज होतं तसंच होतं.

नंतर तिच्या ओट्यावर बसून मी विचारलं, "आजी, उचल फिटू दे अशी प्रार्थना करता का?" मुलगा पहाटे फडावर जायच्या आधी फोन करतो आणि ती फोनवरच प्रार्थना म्हणते, हे तिने सांगितलं होतं. ती म्हणाली, "ते मान्सांनी केलेलं हाय, मान्सांनी सोडवायचं. देवाच्या अंगावर कामून टाकू? मी त्याला एवढंच म्हनते, मव्ह्या लेकराच्या हाताला कोयता लागू देऊ नको." जगातला अन्याय देवाच्या नावावर न लिहिणारी ही बाई एकही वर्ग शिकलेली नव्हती. नातवाला मात्र तिने फडावर जाऊ दिलं नव्हतं. तो तिच्याजवळ राहून शाळेत जात होता, आणि आमच्या वह्यांतली जास्त पानांची वही त्यानेच निवडून घेतली.

दुसऱ्या गावातले मंडळीचे वडील मोसंबीवाले. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी उभी झाडं उपटून टाकली. यांच्या विहिरीला तेव्हा थोडं पाणी होतं. बाग जगवायची की शेजारच्या वस्तीला पाणी द्यायचं, असा प्रश्न आला. त्यांनी वस्तीला दिलं. कुणीतरी त्यांना म्हणालं होतं की या पुण्याईने देव तुमची बाग राखील.

"राखली का?" आमच्यातल्या एकाने विचारलं.

"न्हाई. वाळली की." त्यांनी हसून हात झटकले. "प्रार्थना करता करताच वाळली. हबक्कूकाचं अंजिराचं झाड तरी कुठं फळलं व्हतं? पन पानी प्यालेली मानसं हायेत अजून." त्या वर्षी टँकर मागायला तहसीलच्या चकरा मारणाऱ्यांतही तेच पुढे होते. नंतर कपाशी केली, मग पुन्हा मोसंबी लावली. आम्ही गेलो तेव्हा त्या झाडांना फळं होती, पण साक्ष देताना त्यांनी या नव्या बागेचा उल्लेखही केला नाही. माझ्या तोंडी ती साक्ष असती तर शेवट नव्या बागेनेच झाला असता.

जालना शहरात एका निवृत्त नर्सबाईंकडे जेवायला होतो. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. दवाखान्यात बरे झालेले रुग्ण आठवतात का, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, "आठवतात. पण तुम्हाला न वाचलेल्या एकीचं सांगते." रात्री खेड्यातून बैलगाडीने उशिरा आणलेली बाळंतीण होती. बाईंनी मनातल्या मनात प्रार्थना केली, डॉक्टरांनी शर्थ केली, ती पहाटे गेली. तिची सासू भेदरून कोपऱ्यात बसलेली. बाईंनी तिच्या सुनेला स्वच्छ केलं, केस विंचरून वेणी घातली, मग घरच्यांना आत बोलावलं. "ती जगावी म्हणून मागितलं होतं. माझ्या हातात उरलं ते एवढंच. ते नीट केलं." रुग्णांना येशूविषयी सांगत होता का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "कुणी विचारलं तर. खाटेवर पडलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, त्याच्यापुढे प्रवचन करू नये." मिशनच्या नावाने आलेल्या आमच्या गटाने हे वाक्य लिहून ठेवलं. अशा ट्रिपांकडे संशयाने पाहिलं जातं, त्या संशयाला मला यापेक्षा सरळ उत्तर माहीत नाही.

परतताना बसमध्ये यावर आमचा वाद झाला. एकजण म्हणाला, हा विश्वास नाही, सोशिकपणा आहे. गरिबाला सहन करायला शिकवणारा धर्म आपल्याला नको. आक्षेप वजनदार होता. पण सोसणारा माणूस टँकरसाठी तहसील गाठत नाही, आणि सोसणारी आजी नातवाचा कोयता चुकवत नाही. या माणसांनी सहन केलं ते देवाचं गप्प राहणं. माणसांनी करायच्या गोष्टी त्यांनी कधी त्याच्यावर सोपवल्या नाहीत.

पुण्यात मंडळीपुढे अहवाल द्यायचा होता. चष्म्यांचे आणि वह्यांचे आकडे वाचले, मग या तिघांच्या साक्षी सांगितल्या. एका काकांनी विचारलं, "यात प्रार्थना ऐकली गेली असं कुठे दिसलं?" मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही. प्रार्थना ऐकली गेली की नाही हे कळायला कधी कधी आयुष्य जातं. विहिरीतलं पाणी कुणाला द्यायचं, हे मात्र त्याच दिवशी ठरवावं लागतं.